विष उतरले, जंतूने गाठले

शेतात फवारणी करताना विषबाधा झालेला तिशीतला एक शेतकरी आमच्या अतिदक्षता विभागात आला, तेव्हा त्याचा श्वास जवळजवळ थांबला होता. घशात नळी घालून त्याला व्हेंटिलेटरवर घेतले, अ‍ॅट्रोपिन सुरू केले. पाचव्या दिवशी तो डोळे उघडून भावाला ओळखू लागला. सातव्या दिवशी ताप चढला, नळीतून घट्ट पिवळा कफ येऊ लागला. कल्चरच्या अहवालात नाव होते ‘अ‍ॅसिनेटोबॅक्टर बॉमनी’ आणि प्रतिजैविकांच्या यादीपुढे जवळपास प्रत्येक ओळीत एकच अक्षर : ‘आर’, म्हणजे औषधाला दाद न देणारा. बाराव्या दिवशी रुग्ण गेला. ‘‘डॉक्टर, विष तर उतरलं होतं ना?’’ भावाने विचारले. विष उतरले होते. त्याला मारणारा जंतू त्याने घरून आणला नव्हता. तो आमच्याकडचाच होता.

अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला, स्युडोमोनास हे संधिसाधू जीवाणू. धडधाकट माणसाच्या वाटेला ते सहसा जात नाहीत. पण श्वासनलिकेत नळी, मूत्राशयात कॅथेटर, मानेच्या शिरेत सलाईनची लाइन असलेल्या रुग्णाच्या शरीराची नैसर्गिक तटबंदी आपणच उपचारासाठी उघडलेली असते. अ‍ॅसिनेटोबॅक्टर तर खाटेच्या कठड्यावर, मॉनिटरच्या बटणावर कोरड्या अवस्थेतही कित्येक दिवस, कधी कधी आठवडे तग धरतो. तिथून पुढच्या खाटेपर्यंत तो चालत जात नाही. त्याला आपले हात नेतात.

अशा वेळी आमच्या हाती उरते ते कोलिस्टिन. मूत्रपिंडाला अपाय होतो म्हणून १९७०च्या दशकात बाजूला पडलेले हे जुने औषध आज पुन्हा काढावे लागते, कारण कार्बापेनेम गटातली भारी प्रतिजैविके चालेनाशी झाली. याचे कारण आपल्या सवयीत आहे. प्रत्येक प्रतिजैविक दुबळे जंतू मारते आणि चिवट जंतूंना मोकळे रान देते. त्यातच प्रतिकाराची जनुके एका जातीच्या जीवाणूकडून दुसऱ्या जातीच्या जीवाणूकडेही जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये कार्बापेनेमला न जुमानणारा अ‍ॅसिनेटोबॅक्टर सर्वांत गंभीर गटात ठेवला. ‘लॅन्सेट’मधील अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा प्रतिकारामुळे झाले.

नवे औषध येईल आणि सुटका होईल, ही आशा खोटी नाही. पण अपुरी आहे. व्हिएन्नात १८४७ मध्ये सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तेव्हा प्रतिजैविके नव्हतीच. अमेरिकेतील मिशिगन राज्यात शंभरावर अतिदक्षता विभागांनी पाच साध्या गोष्टींची यादी पाळली : हात स्वच्छ करणे, लाइन टाकताना निर्जंतुक आच्छादन वापरणे, क्लोरहेक्झिडिनने त्वचा पुसणे, जांघेतली शीर टाळणे आणि गरज संपताच लाइन काढणे. रक्तातील जंतुसंसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत घटला. हा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. यात एकही नवे औषध नव्हते.

मग आपल्याकडे हे का होत नाही? हँडरबने हात चोळायला २० ते ३० सेकंद लागतात. पण रात्रपाळीत एकाच सिस्टरकडे व्हेंटिलेटरवरचे चार रुग्ण असतील आणि दोन ठिकाणी एकदम अलार्म वाजला, तर ती आधी काय करेल? तिला दोष देणे सोपे आहे. व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका हा निकष कागदावर आहे. तो खाटेपाशी यायला हवा. व्हेंटिलेटर खरेदीचे उद्घाटन होते, रिकामी पदे भरण्याचे होत नाही.

दुसरी गोष्ट मोजणीची. आपल्या विभागात किती रुग्णांना इथेच संसर्ग झाला, याचा आकडा प्रत्येक रुग्णालयाने, सरकारी असो वा खासगी, दर महिन्याला मोजावा आणि जाहीर करावा. लाज वाटेल, वाटू द्या. लपवलेला आकडा कमी होत नाही.

वाचकांनाही दोन शब्द. ‘‘डॉक्टर, हेवी अँटिबायोटिक द्या’’ असा आग्रह धरू नका. रुग्णाला भेटताना आत शिरण्यापूर्वी आणि बाहेर पडल्यावर हात स्वच्छ करा. आणि विचारा, ‘‘ही नळी अजून किती दिवस लागेल?’’ ‘‘हे औषध कल्चर बघून दिलंय का?’’ एखादा डॉक्टर कपाळाला आठ्या घालेल. घालू दे. त्या शेतकऱ्याच्या भावाने सातव्या दिवसाआधी मला हे विचारले असते, तर मलाही उत्तर शोधावे लागले असते.