कोटाची तेरीज

व्यापारी घरात रोजकीर्द लिहिणारे हात पुष्कळ असतात, ताळेबंद जुळवायला बसणारे मोजकेच. शिवणाचेही तसेच आहे. झबले, परकर, पोलके, सदरा घरोघरी शिवला जातो. परंतु कोटाचे नाव निघाले की चांगल्या सरावाच्या गृहिणीही ‘ते शिंप्याचे काम’ म्हणून बाजूला होतात. हातात कसब असूनही माघार घेतली जाते, कारण कोटाच्या पोटात काय दडले आहे हे ठाऊक नसते.

वस्तुतः कोट म्हणजे एकात एक बसवलेले तीन कपडे. बाहेरचे कापड, आतले अस्तर आणि या दोहोंमधला कॅनव्हास. छातीचा उठाव आणि कॉलरची घडी पेलून धरतो तो हा मधला, कोणाच्याही दृष्टीस न पडणारा थर. बारीक तिरप्या टाक्यांनी तो कापडाशी सांधला जातो. जुन्या पद्धतीच्या कॅनव्हासमध्ये घोड्याचे वा बकरीचे केस विणलेले असतात आणि बटणे पुष्कळदा शिंगाची असतात, हे आपल्या वाचकांनी जाणून घ्यावे. घरी शिवताना सुती कॅनव्हास आणि करवंटीची बटणे निवडण्याची मोकळीक आपल्याला राहते.

खरी कसोटी बाहीची. मुंढ्याच्या घेरापेक्षा बाहीचा घेर इंच-सव्वा इंच मोठा कापतात. खांद्याला गोलाई यावी हा त्यामागचा हेतू. हे जास्तीचे कापड एकही चुणी न पडू देता मुंढ्यात सामावून घ्यायचे असते. त्याला दोनच उपाय आहेत: पुष्कळ कच्चे टाके आणि ओल्या फडक्यावरून फिरवलेली इस्त्री. कोट निम्मा सुईने शिवला जातो आणि निम्मा इस्त्रीने घडतो.

या विद्येला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. मुंबईच्या के. आर. झारापकर यांच्या ‘झारापकर सिस्टीम ऑफ कटिंग’ या पुस्तकाने शिवण शिकणाऱ्या कित्येक पिढ्यांना आराखडा काढण्याची शिस्त लावली. छातीच्या मापाचा चौथा, सहावा, बारावा हिस्सा धरून कागदावर रेषा मांडत जायचे; ज्याला अपूर्णांक येतात त्याला हे जमते. यंत्राची गोष्टही व्यापाऱ्यांनी ऐकण्याजोगी आहे. आयझॅक सिंगर यांनी 1851 मध्ये शिवणयंत्राचे पेटंट घेतले. पण यंत्र सामान्य घरात पोहोचले ते 1856 पासून त्यांच्या कंपनीने हप्त्यांवर विक्री सुरू केल्यावर. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही 1924 मध्ये सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानले होते.

आमच्या घरी कोटाचा प्रसंग आला तो यजमानांच्या खांद्यामुळे. पडल्याचे निमित्त होऊन त्यांचा उजवा खांदा डाव्याहून अर्धा इंच खाली राहिला. तयार कोट घातला की उजव्या बाजूस काखेपर्यंत तिरपी चुणी पडे. ‘काका, एवढे कोण बघतंय?’ असे दुकानातील मुलगा म्हणाला. इतर कोणी बघो न बघो, ते स्वतः बघत होते. नात्यातील दोन लग्नांना ‘तू जाऊन ये, मी घर सांभाळतो’ असे त्यांनी सांगितले, तेव्हा ठाकुर्लीच्या दमट हवेत कोटाची गरज ती काय, हा प्रश्न माझ्यापुरता निकालात निघाला.

कपाटात आहेरात आलेले सव्वादोन मीटर सुटिंग होते. त्याला आधी कात्री लावली नाही. धिम्या लोकलने मशीद स्थानक गाठून मंगलदास मार्केटमधून स्वस्त मांजरपाट आणला आणि पहिला कोट त्याचाच, अस्तराविना, कच्च्या टाक्यांनी उभा केला. तो त्यांच्या अंगावर चढवून, खडूने खुणा करून, टाके उसवून पुन्हा घातले. उजव्या खांद्याची गादी डावीपेक्षा जाड केली आणि त्या मानाने मुंढा सुधारला. तिसऱ्या खेपेला चुणी नाहीशी झाली. मग खऱ्या कापडावर खडू फिरला. सबंध काम सात आठवडे चालले. तयार कोट घालून ते आरशापुढे थोडा वेळ उभे राहिले आणि एवढेच म्हणाले, ‘ताईंच्या मुलीचे लग्न कोणत्या तारखेला आहे?’

बँकेत अनेक वर्षे कर्जप्रकरणे तपासली. तेथे मार्जिन म्हणजे कर्जदाराने स्वतः घालायचा हिस्सा, आणि तारणाची किंमत घसरली तर सावरून घेण्याची जागा. शिंपीही शिवणीच्या आत सोडलेल्या जादा कापडाला मार्जिनच म्हणतात. दोन्हीकडे अर्थ एकच: पुढे दुरुस्ती लागणार हे आधीच मान्य करून तिची तरतूद करणे. मांजरपाटाचा कोट ही तर सरळ तेरीज होय. ताळेबंद मांडण्यापूर्वी तेरीज न जुळल्याची लाज कोणत्याही मुनीमजींना वाटत नाही; फरक शोधण्यासाठीच ती काढलेली असते.

साठीनंतर घरातील माणसे प्रेमाने एकेक काम आपल्या हातातून काढून घेतात. ‘तुम्ही बसा’ हे शब्द सुखाचे असले तरी ते वारंवार ऐकून आपल्याला नवे काही जमणार नाही, असे मनाला खरेच वाटू लागते. अशा वेळी नुसत्या धीराच्या शब्दांनी फारसा उपयोग होत नाही. आपण केलेली एखादी अवघड वस्तू कोणाच्या तरी अंगावर नीट बसलेली दिसावी लागते. बाजारातील पत जशी वेळेवर फेडलेल्या लहान देण्यांतून वाढते, तशी स्वतःजवळची पतही एकेका पुऱ्या केलेल्या कामातून वाढते.

ज्यांना हे करून पाहावेसे वाटेल त्यांनी प्रथम बिनबाह्यांचे जाकीट शिवावे, नंतर अस्तर नसलेला कोट, आणि मग पूर्ण कोट. कापड कापण्यापूर्वी पाण्यातून काढून वाळवावे, म्हणजे मागाहून आटणार नाही. उभ्या धाग्याची दिशा प्रत्येक तुकड्यावर खडूने आखावी. शिवणीत मार्जिन सढळ सोडावे. आणि बाही दिवेलागणीनंतर बसवू नये. गडद कापडावरचा टाका दिवसाच्या उजेडातच नीट दिसतो.