पाइपच्या शेवटी कोण उभे आहे?

पावसाळ्यात हगवण, कावीळ आणि टायफॉइडच्या रुग्णांनी ओपीडी भरली की औषध लिहिण्याआधी मी एक प्रश्न विचारतो, पाणी कुठले पिता? "नळाचंच, डॉक्टरसाहेब." नळाचे म्हणजे शुद्ध, असा आपला समज. पण बऱ्याच ठिकाणी नळाची पाइपलाइन नालीतूनच गेलेली असते, तिला कुठेतरी गळती असते आणि पुरवठा बंद झाला की रिकाम्या पाइपमध्ये बाहेरची घाण ओढली जाते. म्हणून सांडपाणी शुद्धीकरण केंद्र हा माझ्या लेखी रुग्णालयाचाच एक वॉर्ड आहे. आपण तो चालवतो मात्र रस्त्याच्या कंत्राटासारखा.

पूर्वी मी एका सरकारी रुग्णालयात होतो, तिथे असे छोटे केंद्र होते. फीत कापली गेली, फोटो छापून आले. वर्षभरात टाकीत हवा सोडणारा ब्लोअर जळाला. दुरुस्तीचा खर्च कोणत्या लेखाशीर्षात टाकायचा, यावर फाइल फिरत राहिली. कागदावर केंद्र 'कार्यान्वित' होते आणि पाणी जसे आत येई तसेच बाहेर जाई.

एका ब्लोअरचे एवढे काय? तर या केंद्रांत खरे काम यंत्रे करत नाहीत, जिवाणू करतात. मैल्यातले सेंद्रिय पदार्थ ते खातात आणि त्यासाठी त्यांना सतत प्राणवायू लागतो. हवा फार वेळ बंद राहिली की ते गुदमरतात, आणि पुन्हा पुरेशी फौज उभी राहायला काही आठवडेही लागू शकतात. अतिदक्षता विभागातला रुग्ण आणि ही टाकी यांच्या गरजा सारख्याच: अखंड वीज, शिकलेला माणूस, रोजची तपासणी. प्रकल्पाच्या चर्चेत मात्र काँक्रीट आधी आणि या तीन गोष्टी सर्वांत शेवटी.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज सुमारे ७,२३६ कोटी लिटर सांडपाणी तयार होते. उभारलेली क्षमता सुमारे ३,१८४ कोटी लिटरची, आणि प्रत्यक्षात शुद्ध होते ते सुमारे २,०२३ कोटी लिटर. क्षमता अपुरी आहे, हे खरेच. पण जी बांधली तिचाही एक तृतीयांशाहून जास्त भाग वापरात नाही. कुठे केंद्र तयार आहे पण मलवाहिनी पोहोचलेली नाही, कुठे विजेचे बिल परवडत नाही. ही अभियांत्रिकीतली चूक नाही, व्यवस्थापनातली आहे.

पुण्याचेच पाहा. मुळा-मुठा शुद्ध करण्यासाठी जपानच्या 'जायका' या संस्थेशी कर्जाचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. सुमारे ९९० कोटी रुपये, ११ केंद्रे. निविदा चढ्या दराच्या आल्या, फेरनिविदा झाल्या, जागांचे प्रश्न रेंगाळले, आणि ज्या २०२२ मध्ये काम संपायचे होते त्या वर्षी ते सुरू झाले. या सहा वर्षांत नदीत गेलेल्या मैल्याची किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात धरलेली नसते. त्याच पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले आणि काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. या साथीचे खापर मी रखडलेल्या केंद्रांवर फोडणार नाही, तसे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. पण पिण्याच्या पाण्यात मैला मिसळला तर माणूस अतिसारावरच सुटतो असे नाही, हे तेव्हा साऱ्या राज्याला कळले.

आता आपल्या जवळचे नागपूर. भांडेवाडीतले शुद्ध केलेले सांडपाणी महानिर्मितीच्या कोराडी वीज केंद्राला जाते. त्यासाठी उभारलेल्या केंद्राची क्षमता रोज १३ कोटी लिटरची. नागपूरची मंडळी काही वेगळ्या मातीची नाहीत (नाग नदीची अवस्था पाहा). फरक एवढाच की तिथे पाइपच्या दुसऱ्या टोकाला गिऱ्हाईक उभे आहे. पाणी कमी आले किंवा गढूळ आले तर फोन येतो. पाणी नदीत सोडणाऱ्या केंद्राच्या टोकाला असते खालच्या गावातले लेकरू, आणि त्याचा फोन कोणाला जात नाही.

गिऱ्हाईक नसेल तर ते करारात निर्माण करावे लागते. 'नमामि गंगे'मध्ये काही केंद्रांसाठी बांधकामाच्या खर्चापैकी ४० टक्के रक्कम काम चालू असताना आणि ६० टक्के पुढच्या १५ वर्षांत, केंद्र चालवून दाखवल्यावर, अशी पद्धत आणली गेली. मला ती पटते. त्यात माझी एक भर: बाहेर पडणाऱ्या पाण्याचा तपासणी अहवाल आरोग्य विभागाकडेही दर आठवड्याला यावा आणि हप्ता काढताना आमचीही सही लागावी. २०१७ च्या केंद्रीय नियमानुसार १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू हजाराच्या आत हवेत. ओपीडीतली गर्दी आणि हा आकडा शेजारी ठेवून पाहणारा कोणीतरी हवा ना!

नाचणगावसारख्या गावाला मोठ्या केंद्राची गरज नाही. घराघरात शोषखड्डे, नालीच्या टोकाला स्थिरीकरण तळे, एवढ्याने बरेच भागेल. अवघड प्रश्न सेप्टिक टाक्यांचा आहे. टाकी भरली की टँकर येतो, उपसून घेऊन जातो. असाच एक टँकरवाला तपासणीला आला होता. त्याला विचारले, रिकामा कुठे करतोस? तो म्हणाला, "जागा कोणी ठरवून दिली आहे का साहेब? अंधार पडला की पाहतो कुठंतरी."