पाल्य, खुलासा, कारवाई
शाळेकडून घरी आलेलं गैरहजेरीचं पत्र वाचलं की आपण पालक आहोत की आरोपी, असा प्रश्न पडतो. ‘आपला पाल्य वारंवार विनापरवानगी गैरहजर राहत असून तात्काळ लेखी खुलासा करावा, अन्यथा नाव कमी करण्यात येईल.’ यातली धमकी तर पोकळच. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं १६वं कलम आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढूच देत नाही. आता हेच पत्र बीड जिल्ह्यातल्या एखाद्या तांड्यावर पाठवून पाहा. दिवाळीच्या आगेमागे आईबाप कोयता घेऊन उसाच्या फडावर निघतात, परततात ते उन्हाळ्यात. पत्र पोचेल तेव्हा दाराला कुलूप, नाहीतर घरात एकटी आजी, आणि तीही ते शेजारच्या पोराकडून वाचून घेणार. तिथे कामाचं ते स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठीचं शिक्षण हमी कार्ड, तेही टोळी निघण्याआधी हातात पडलं तर, म्हणजे फडाजवळच्या शाळेत पोराला बसवून घेतील. नाहीतर गावातच हंगामी वसतिगृह हवं. एरवी पत्र लिहायचंच तर मोजकं लिहावं: मूल कोणत्या तारखांना आलं नाही, वर्गात तेव्हा काय शिकवून झालं, बाईंना कधी भेटता येईल, फोन कोणाला करायचा. मूल दहावीत असेल तर बोर्डाची ७५ टक्के हजेरीची अट स्पष्ट सांगावी, पण ऑगस्टमध्ये. जानेवारीत सांगून काय उपयोग? आणि ‘खुलासा करावा’ऐवजी ‘घरी काही अडचण आहे का, कळवा’ असं लिहायला कुठलंही परिपत्रक आड येत नाही.