मुहूर्त आधी की वेळापत्रक आधी?



आपल्या कार्यक्षेत्रात उपसा सिंचन, सामुदायिक विहीर, शेततळे, पाइपलाइन अशी बांधकामे दरसाल कुठे ना कुठे निघतात. नारळ फुटतो, फोटो निघतात, पेढे वाटले जातात. पुढे दोन पावसाळे जातात आणि पाइप रस्त्याच्या कडेला उन्हात तसेच पडून राहतात. विचारले तर उत्तर ठरलेले असते: "पैसे कमी पडले." आमचे मत वेगळे आहे. पुष्कळ ठिकाणी पैसा नव्हे, तर दिवस कमी पडतात. आणि दिवस कमी पडतात ते मोजले नाहीत म्हणून.

वेळापत्रक हा शब्द ऐकला की काही सभासद म्हणतात, "ते इंजिनियर लोकांचं काम, आपल्याला काय कळतंय?" हे आम्हांस मान्य नाही. ऊस करणारा माणूस वेळापत्रकातच जगतो. आडसालीची लागण जुलै-ऑगस्टात, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सुरू जानेवारी-फेब्रुवारीत. लागणीच्या नोंदीवरून तोडीचा क्रम लागतो. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे, नाहीतर वजन आणि साखर दोन्ही घटतात. कारखान्यातसुद्धा बॉयलर पेटवण्याचा दिवस आधी धरतात आणि तिथून मागे मोजत मिलची, बॉयलरची दुरुस्ती उरकतात. हीच रीत बांधकामाला लावावयाची आहे, दुसरे काही नाही.

पहिली पायरी म्हणजे कामाचे तुकडे पाडणे. "उपसा योजना" हे काम नव्हे, ते गाठोडे आहे. ते सोडावे, प्रत्येक तुकडा कागदावर लिहावा आणि त्यापुढे तीन गोष्टी मांडाव्यात: याला किती आठवडे लागतील, हे सुरू होण्याआधी काय पुरे झालेले हवे, आणि याची जबाबदारी कोणाची. तिसऱ्या रकान्यात "समिती" असे लिहू नये. एका माणसाचे नाव लिहावे. सगळ्यांचे काम ते कोणाचेच काम नसते, हे आपण सहकारातले लोक चांगले ओळखून आहोत.

उदाहरण घेऊ. समजा, साठ सभासदांची एक उपसा योजना आहे आणि १ जुलैला पाणी रानात हवे, म्हणजे आडसालीची लागण त्यावर धरता येईल. तिचे तुकडे असे पडतील (आठवडे समजण्यापुरते धरले आहेत, प्रत्येक योजनेने आपापले घालावेत):

१. सर्वे, आराखडा, अंदाजपत्रक – ४ आठवडे.
२. पाणी उचलण्याची परवानगी – १२ आठवडे, सर्वेनंतर.
३. कर्जमंजुरी – ६ आठवडे, परवानगीनंतर.
४. जॅकवेल व पंपघर – १० आठवडे, कर्जानंतर.
५. पंप-मोटार मागवून येईपर्यंत – ८ आठवडे, कर्जानंतर.
६. पाइप मागवून येईपर्यंत – ४ आठवडे, कर्जानंतर.
७. चारी खोदणे व पाइप घालणे – ७ आठवडे, पाइप आल्यानंतर.
८. वीजजोडणी – १६ आठवडे, सर्वेनंतर.
९. पंप बसविणे – २ आठवडे, जॅकवेल व पंप दोन्ही झाल्यावर.
१०. चाचणी – १ आठवडा, सर्व झाल्यावर.

आता यातली सर्वांत लांब साखळी शोधावी. सर्वे ४, परवानगी १२, कर्ज ६, जॅकवेल १०, पंप बसविणे २, चाचणी १, एकूण ३५ आठवडे. पाइपच्या वाटेने गेलो तर ३४, पंपाच्या वाटेने ३३ आणि विजेच्या वाटेने २१ भरतात. म्हणजे योजना ३५ आठवड्यांची. या सर्वांत लांब वाटेला इंजिनियर मंडळी क्रिटिकल पाथ म्हणतात. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीच्या बांधकामांसाठी ही रीत बसविली गेली. पट्ट्या काढून काम दाखविणारा गँटचा तक्ता तर त्याच्याही आधीचा, पहिल्या महायुद्धाच्या काळातला. नावे परकी असली तरी हिशेब घरचाच आहे: ज्या वाटेवर सवड नाही तिथला एक दिवस गेला, की सगळी योजना एक दिवस मागे जाते. विजेच्या कामाला इथे चौदा आठवड्यांची सवड आहे, जॅकवेलला एका दिवसाचीही नाही. तरी अनुभव असा, की लोक ट्रान्सफॉर्मरसाठी दहा हेलपाटे घालतात आणि परवानगीची फाइल कुठल्या टेबलावर आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

१ जुलैपासून ३५ आठवडे मागे मोजले तर २९ ऑक्टोबर येतो. म्हणजे दिवाळीच्या सुमारास सर्वे सुरू झाला पाहिजे. आपल्याकडे पाण्याची आठवण होते मार्चमध्ये, पाने करपू लागल्यावर. तहान लागल्यावर विहीर खणणे म्हणतात ते हेच.

पण खरी मेख पुढेच आहे. या हिशेबाने जॅकवेलला हात लागतो १ एप्रिलला आणि काम संपते १० जूनला. ७ जूनच्या आसपास मृग निघतो. नदीच्या पात्रातली खोदाई आणि पायाचे काँक्रीट हे पाणी कमी असते तेव्हाचेच काम. एप्रिलची सुरुवात धरली तर पायाची कामे मेच्या मध्यापर्यंत कशीबशी आटोपतील. सुरुवात चार आठवडे घसरली तर पाया उघडा असताना नदीला पाणी येईल. मग उशीर चार आठवड्यांचा राहत नाही, तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचा होतो. कागदावरचा महिना रानात वर्ष होऊन बसतो, ही गोष्ट प्रत्येक सभासदाने ध्यानात घ्यावयास हवी.

त्या वर्षाची किंमतही पाहा. समजा योजनेला एक कोटी वीस लाखांचे कर्ज उचलले आणि व्याज दहा टक्के आहे. एका वर्षाचे व्याज बारा लाख, म्हणजे सभासदामागे वीस हजार रुपये. पाण्याचा थेंब नाही आणि उसाच्या बिलातून कपात मात्र सुरू. शिवाय हातची आडसाल गेली ती वेगळीच.

मग घाई करावी का? घाई कुठे करावी हेसुद्धा तक्ताच सांगतो. चारीवर दुप्पट मजूर लावले, दोन पोकलेन आणले, तरी योजना एक दिवसही आधी संपणार नाही, कारण लांब वाट चारीवरून जात नाही. खर्च तेवढा वाढेल. उलट कर्जाच्या सहा आठवड्यांतले चार आठवडे सातबारा, आठ-अ, संमतिपत्रे, सह्या गोळा करण्यात जातात असे धरा. हे काम परवानगी येईपर्यंतच्या बारा आठवड्यांत उरकून ठेवले, तर कर्जाला दोनच आठवडे लागतील. पैसा न खर्चता सगळी योजना ३१ आठवड्यांत बसते. जॅकवेल ४ मार्चला सुरू होऊन १३ मेला पुरी, पाइप २० मेपर्यंत जमिनीत, चाचणी ३ जूनला, मृगाच्या आत! चार आठवडे वाचले ते घामाने नव्हे, कागदाने.

आणखी काही गोष्टी ऊस खात्याच्या नजरेतून सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. पाइपलाइनची आखणी ज्या रानांतून जाते तिथे एप्रिल-मेमध्ये उभा ऊस असता कामा नये. म्हणून आखणी होताच त्या सभासदांनी पट्टा मोकळा ठेवावा; सुरू लागण करून मग भरपाईसाठी भांडणे, किंवा खोडवा उपटावा लागला म्हणून अडवणूक करणे, यात सगळ्यांचेच नुकसान आहे. त्या पट्ट्यातला तोडीचा ऊस आधी जावा यासाठी गटाच्या ऊस कर्मचाऱ्यास वेळीच लेखी कळवावे. काळ्या रानातली चारी आधी घ्यावी आणि मुरमाड रानातली शेवटी, कारण वळवाचा एक पाऊस झाला की काळ्या मातीच्या चारीचे काठ ढासळतात. लग्नसराईत आणि पेरणीच्या तयारीत मजूर मिळत नाही, तेही आठवडे आधीच वजा धरावेत.

काँक्रीटला मात्र घाई चालत नाही. साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटवर निदान ७ दिवस आणि उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत १० दिवस पाणी राहिले पाहिजे, असे भारतीय मानक सांगते. पीपीसी सिमेंट असेल तर १० दिवसांपेक्षा कमी नाहीच, १४ केले तर उत्तम. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू १४ दिवसांच्या आत काढू नयेत. ठेकेदार "उद्या काढतो" म्हणाला तरी नाही म्हणावे. हे दिवस काम बंद दिसते, पण तक्त्यात ते कामाचेच दिवस आहेत. सिमेंटही फार आधी आणून साठवू नये. तीन महिन्यांवरचे पोते तपासल्याशिवाय वापरू नये.

काही सभासद म्हणतील, "परवानगी, वीज, बँक यातलं काहीच आपल्या हातात नाही, मग तक्ता काढून काय उपयोग?" यात तथ्य आहे. सरकारी कागद आपल्या वेगाने हलत नाही. पण म्हणूनच तो सर्वांत आधी दाखल करावयाचा असतो. आपल्या हातात नसलेल्या कामाला तक्त्यात जास्त आठवडे द्यावेत आणि दर सोमवारी एकाने चौकशी करून तारीख लिहून ठेवावी. हातातली कामे तरी वेळेवर झाली, तर निदान दोष कुठे आहे ते सर्वांना दिसेल आणि एकमेकांवर संशय घेण्याची वेळ येणार नाही. पुष्कळ योजना पाण्यावाचून नव्हे, तर संशयाने मोडल्या आहेत.

आमचे स्पष्ट मत असे, की आठवड्यांचा तक्ता आणि प्रत्येक कामापुढे जबाबदार माणसाचे नाव असल्याखेरीज कोणत्याही सामुदायिक योजनेच्या कर्जाची शिफारस होऊ नये. काहींना हे कडक वाटेल. पण कर्ज एकाचे नसते. एकाच्या चालढकलीची कपात साठ जणांच्या बिलातून होते. ठेकेदाराचे हप्तेही तारखेवर नव्हे, तर पुऱ्या झालेल्या तुकड्यावर द्यावेत आणि चाचणीपर्यंत काही रक्कम हाती राखावी. तक्त्याची एक प्रत सोसायटीच्या फळ्यावर लावावी आणि महिन्यातून एकदा झालेल्या कामावर तांबडी रेघ मारावी. शाळेत जाणाऱ्या पोरालासुद्धा ती वाचता आली पाहिजे.

मुहूर्त जरूर करावा, नारळही फोडावा. पण तक्ता तयार झाल्यावर. येत्या हंगामात ज्या गटांना योजना घ्यावयाची आहे, त्यांनी एक कोरा कागद आणि आपल्या रानांचा नकाशा घेऊन गट ऑफिसला यावे. आठवडे मोजायला आम्ही सोबत बसू.

— ऊस विकास अधिकारी