नवा थर्मोस्टॅट आणि दुधाचा बल्क कूलर

नेवासे तालुक्यातील घोडेगाव हे कांद्याच्या आणि जनावरांच्या बाजारासाठी सर्व जिल्ह्यास परिचित आहे. या बाजारातून गाय विकत घेताना आपले शेतकरी बंधू तिचे दात, कास, चाल, इतकेच काय पण तिच्या मालकाचा चेहराही निरखून पाहतात. त्याच गायीचे दूध मात्र दररोज दोन वेळा ज्या यंत्राच्या हवाली केले जाते, त्या बल्क कूलरकडे निरखून पाहण्याची सवय आपणांस अद्याप लागलेली नाही. यंत्र बिघडले की कारागिरास बोलवावे आणि तो सांगेल तो खर्च करावा, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. अलीकडे या यंत्रांना आकडे दाखविणारे व मोबाइलवर संदेश धाडणारे नवे थर्मोस्टॅट बसविले जात आहेत. त्यामुळे हा संबंध अधिक डोळस होणे अगत्याचे झाले आहे.

प्रथम यंत्राचे काम समजून घेऊ. बल्क कूलर दुधात थंडी घालीत नाही. तो दुधातील उष्णता उचलून बाहेर टाकतो. विहिरीवरील मोट जसे खालचे पाणी वर आणते, तसे हे यंत्र थंड जागेतील उष्णता ओढून तिला अधिक उष्ण जागेत नेऊन सोडते. टाकीच्या तळाखालील नळ्यांत गॅसचे द्रव रूप उकळते आणि उकळताना दुधाची उष्णता शोषून घेते. कॉम्प्रेसर तो गॅस दाबून तापवितो. मागील जाळीत तो आपली उष्णता वाऱ्याला देऊन पुन्हा द्रव होतो. म्हणून टाकीत कोमट दूध असताना यंत्र नीट चालत असेल, तर जाळीतून येणारा वारा हाताला गरम लागलाच पाहिजे. १,००० लिटर दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणावयाचे म्हणजे सुमारे ३०,००० किलोकॅलरी, अर्थात विजेच्या भाषेत सुमारे ३५ युनिटे, एवढी उष्णता बाहेर काढावी लागते. यंत्र स्वतः त्याच्या निम्म्याहूनही कमी वीज घेते, कारण ते उष्णता निर्माण करीत नाही, केवळ वाहून नेते. याच मार्गाने घर ऊबदारही करता येईल, हे लॉर्ड केल्व्हिन या शास्त्रज्ञाने १८५२ मध्येच मांडले होते. आज थंड देशांत बाहेरच्या गार हवेतील उष्णता ओढून घरे तापविणारे जे ‘हीट पंप’ आहेत, ते आपल्या बल्क कूलरचे सख्खे भाऊच होत.

या यंत्राला केव्हा चालावे व केव्हा थांबावे हे सांगणारा तो थर्मोस्टॅट. विजेवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचे पेटंट १८८३ मध्ये अमेरिकेतील वॉरेन जॉन्सन नावाच्या एका शिक्षकाने घेतले. थर्मोस्टॅट स्वतः काहीच थंड करीत नाही. त्याचा सेन्सर जेथे ठेवला असेल तेथील ऊन-गार तो जाणतो आणि त्यावरून हुकूम सोडतो. सेन्सर चुकीच्या जागी बसला तर हुकूमही चुकीचाच सुटणार, मग थर्मोस्टॅट कितीही ‘स्मार्ट’ असो.

याचा प्रत्यय आम्हांस घोडेगाव परिसरातील एका संकलन केंद्रावर आला. ऐन उन्हाळ्याचे दिवस होते. जुन्या घुंडीच्या थर्मोस्टॅटने दगा दिला म्हणून दुपारी नवा बसविण्यात आला. आकडे उजळले, कॉम्प्रेसर सुरू झाला आणि कारागीर आपले पैसे घेऊन निघून गेला. सायंकाळचे दूध पडले. पाऊण तासाच्या आतच आकडा ४ अंशांवर आला व यंत्र थांबले. दोन-अडीच तासांचे काम इतक्या लवकर उरकले याचा सर्वांना आनंदच झाला. वास्तविक तेथेच शंका यावयास हवी होती. त्यानंतर रात्रभर यंत्र मिनिट-दोन मिनिटे चाले, थांबे आणि पुन्हा चाले. पहाटे कॉम्प्रेसर तापून ओव्हरलोड रिले पडला. मोबाइलवर मात्र रात्रभर ४ ते ६ अंशांचेच संदेश येत होते. सकाळी टँकरवरील माणसाने दूध उकळून पाहिले, तो ते फुटले.

त्या टाकीत कोणाचे दूध होते? दोन गायींवर घर चालविणाऱ्या विधवा भगिनीचे होते, तसेच गोठ्यासाठी कर्ज काढलेल्या तरुणाचेही होते. नासलेल्या दुधाचा हिशेब अखेर उत्पादकांच्या दहा दिवसांच्या पगारात आला, आणि दोष आला केंद्रावरील मदतनीस मुलाच्या माथी. हे आम्हांस त्या वेळीही अन्यायाचे वाटले व आजही वाटते.

दुसरा कारागीर आला व त्याने पाहताक्षणी निदान केले की, गॅस कमी झाला आहे. गॅस भरण्याची तयारीही झाली. आम्ही त्याला थोडे थांबविले. टाकी धुऊन तीत पाणी भरले, रिले पूर्ववत करून यंत्र सुरू केले व ढवळणारा पंखा चालू ठेवला. जाळीतून चांगला गरम वारा येत होता. म्हणजे उष्णता उचलण्याचे काम चालू होते आणि गॅसवर इतक्या घाईने संशय घेण्यास जागा नव्हती. थोड्याच वेळात थर्मोस्टॅटचा आकडा ५ वर आला. पाण्यात थर्मामीटर बुडविला, त्याने १९ अंश दाखविले! झाकण उघडले तेव्हा उलगडा झाला. टाकीच्या भिंतीत सेन्सरसाठी जी बारीक नळी असते, तीत नव्या थर्मोस्टॅटचा जाड सेन्सर जात नव्हता. म्हणून तो गॅसच्या गार नळीलाच चिकटपट्टीने बांधून ठेवला होता. यंत्र सुरू होताच ती नळी गार होई, सेन्सरला वाटे दूध गार झाले, यंत्र थांबे. नळी जराशी ऊन होताच पुन्हा सुरू होई. लवकर उरकलेले काम, रात्रभरची चालू-बंद आणि तापलेला कॉम्प्रेसर या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच होते. थांबलेल्या कॉम्प्रेसरने किमान किती वेळ विश्रांती घ्यावी याचा आकडाही शून्यावर ठेवलेला होता. गॅसचा दाब उतरण्यापूर्वीच मोटार पुन्हा जोर लावी, ही त्यात पडलेली भर.

नळीत बसेल असा बारीक सेन्सर आणला, उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावून तो आत पूर्ण सरकविला व तोंड बंद केले. विश्रांती ३ मिनिटे ठेवली. ४ अंशांवर बंद आणि ५ अंशांवर सुरू, असे आकडे दिले. गॅसला हात लावावा लागला नाही.

परदेशातील घरगुती हीट पंपांचीही हीच कथा आहे. अमेरिकेत वा कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही हा अनुभव अपरिचित नसावा. नवा थर्मोस्टॅट बसविला की कधी हिवाळ्यात यंत्र ऊब देण्याऐवजी गार वारा फेकू लागते. तेथे यंत्राची दिशा पालटणारी एक झडप असते. काही कारखान्यांच्या यंत्रांत ती थंडाव्याच्या वेळी विजेने ओढली जाते, तर काहींत उबेच्या वेळी. नव्या थर्मोस्टॅटला यांतील कोणती पद्धत हे सांगितले नाही, तर तो नेमका उलटा हुकूम देतो. तेथेही यंत्र धडधाकट असते आणि बिघाड असतो तो जोडणीच्या एका खुणेत.

यावरून प्रत्येक बिघाडाचे खापर नव्या थर्मोस्टॅटवर फोडावे असे मात्र नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, तसेही होते. घोडेगावसारख्या ठिकाणी कांद्याचे पापुद्रे वाऱ्यावर उडत असतात व मागील जाळीत जाऊन बसतात; मग वारा खेळत नाही, उष्णता बाहेर पडत नाही आणि यंत्र तासन्‌तास चालूनही दूध गार होत नाही. मऊ ब्रशाने जाळी साफ करणे हे कोणासही जमण्यासारखे काम आहे. मात्र आधी मुख्य स्विच बंद करावा. विजेचा दाब कमी असेल तर कॉम्प्रेसर गुरगुरून थांबतो. थ्री फेजच्या तारा जोडताना उलटसुलट झाल्या तर काही प्रकारचे कॉम्प्रेसर उलटे फिरतात, मोठा आवाज करतात आणि गॅसची नळी गार होतच नाही. हा दोष परवानाधारक वायरमननेच काढावा. ग्रामसेवक वा केंद्रचालक यांनी त्या पेटीत हात घालू नये. आणखी एक गोष्ट कारागिरांकडून वारंवार राहून जाते. ढवळणारा पंखा नव्या थर्मोस्टॅटच्या जोडणीत सुटून जातो. मग तळाशी दुधाचा बर्फ धरतो आणि वर कोमट साय तरंगते.

सेन्सर खरा की खोटा हे ठरविण्यास शहरात जावे लागत नाही. कोपऱ्यावरच्या रसवंतीतून थोडा बर्फ आणावा, त्याचा चुरा करून पेल्यात भरावा, तो जेमतेम बुडेल इतके पाणी घालावे आणि सेन्सर त्यात पाच मिनिटे धरावा. आकडा शून्याच्या अर्ध्या-एक अंशाच्या आत आला पाहिजे. तो भलताच आला तर बहुधा सेन्सर एका जातीचा आणि थर्मोस्टॅटला सांगितलेली जात दुसरी, असा प्रकार असतो. दिसण्यात हे सेन्सर सारखेच असतात, परंतु काहींचा विजेला होणारा विरोध उष्णतेबरोबर घटतो व काहींचा वाढतो. बर्फाच्या पाण्यात आकडा बरोबर आणि टाकीत मात्र चुकीचा, असे झाल्यास सेन्सरची जागा पाहावी. दुधाचे तपमान घेताना पाऱ्याचा काचेचा थर्मामीटर वापरू नये. तो फुटला तर सारी टाकी फेकावी लागेल. पोलादी दांडीचा थर्मामीटर स्वच्छ धुऊन, दूध दोन मिनिटे ढवळल्यावर बुडवावा.

आमचे स्पष्ट मत असे की, नवा थर्मोस्टॅट बसविणाऱ्यास पूर्ण पैसे एका धारेचे दूध थंड झाल्यावरच द्यावेत, आकडे उजळले म्हणून नव्हे. सुमारे ३ तासांत दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर आले की नाही, हे केंद्राच्या स्वतःच्या थर्मामीटरने पाहावे. जुन्या तारा सोडविण्यापूर्वी मोबाइलवर त्यांचे छायाचित्र घ्यावे. नवे आकडे (कोठे बंद, कोठे सुरू, विश्रांती किती, सेन्सरची जात कोणती) मराठीत लिहून घेऊन भिंतीवर लावावेत. काही कारागिरांना हे आवडत नाही. आकडे गुप्त राहिले की पुढील बोलावणे निश्चित असते. संस्थांनी या नाराजीची भीड बाळगू नये.

मोबाइलवरील संदेशांविषयी आमच्या मनात अढी नाही. रात्री वीज गेल्याचे घरबसल्या कळणे ही मोठीच सोय आहे. परंतु पंचांना आणि सचिवांना येणारा तो आकडा सेन्सरचा असतो. तो दुधाचाही आहे की नाही, हे कोणीतरी टाकीपाशी उभे राहून पाहिलेले असावे लागते. त्या केंद्रावर आता हे काम त्याच मदतनीस मुलाकडे आहे. दररोज दोन्ही वेळा थर्मामीटरचा आकडा आणि थर्मोस्टॅटचा आकडा तो वहीत शेजारी-शेजारी लिहितो. दोहोंत एका अंशाहून अधिक अंतर पडले, तर टँकर येण्यापूर्वी सचिवांना उठविण्याची मुभा त्याला दिलेली आहे.