आवाज ओळखा, मगच इंजिन खोला


‘जुनी गाडी आवाज करू लागली की इंजिन खोलूनच घ्यावे’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तरी आमच्या अंबड-जालना रस्त्यावर ती अजून दिसते. अशा गाडीच्या मालकाला हा सल्ला फार महागात पडेल.

आधी सपाट जागी इंजिन बंद करून ऑइलची पट्टी पाहावी. वरच्या झाकणाखालची, रेससोबत वाढणारी बारीक टकटक बहुधा टॅपेटची असते. फटी जुळवल्या की थांबते. इंजिन थंड असताना फटफट आणि तापल्यावर बंद, तर एक्झॉस्टचे गॅस्केट तपासावे. घरघर असेल तर मेकॅनिककडून फॅनबेल्ट काढून इंजिन क्षणभर चालवून पाहावे. आवाज थांबला तर दोष अल्टरनेटर किंवा वॉटर पंपाच्या बेअरिंगचा. मात्र भार पडताच खालून जड ठोके येत असतील, तर गाडी तिथेच बंद करावी. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेलेले असू शकते. इंजिन खोलायचे ते अशा वेळी.

वाचकांना विनंती: आवाज कधी, कुठून आणि थंड की गरम इंजिनात येतो, हे मेकॅनिकला नीट सांगा. त्याने तो स्वतः ऐकल्याशिवाय पाना लावू देऊ नका.

– एक वाचक, अंबड (जि. जालना)