परांची आणि इमारत

इमारत उभी राहिली की गवंडी परांची उतरवतो. झिजलेल्या वा नष्ट झालेल्या अवयवाच्या जागी नव्या ऊती वाढविण्यासाठी वैद्यकविज्ञानाने हेच तत्त्व स्वीकारले आहे. फरक इतकाच, की शरीरातील ही परांची कोणाला उतरवावी लागत नाही. काम संपता संपता ती आपोआप विरून जाते.

फेब्रुवारी २०१२ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात या तत्त्वाचा प्रत्यय आला. ओहायो राज्यातील तीन महिन्यांच्या एका बालकाच्या डाव्या फुप्फुसाकडे जाणारी श्वासनलिका वारंवार मिटत होती. डॉ. ग्लेन ग्रीन आणि अभियंते स्कॉट हॉलिस्टर यांनी सीटी स्कॅनवरून नेमके माप घेतले आणि पॉलिकॅप्रोलॅक्टोन या विघटनशील प्लॅस्टिकची भुकटी लेझरने थरावर थर सांधून नलिकेचे कवच 'छापले'. तातडीची शासकीय परवानगी घेऊन ते बसविण्यात आले. तीन आठवड्यांनी बालकाचे श्वसनयंत्र निघाले. हे प्लॅस्टिक सुमारे तीन वर्षांत शरीरात जिरते; तोवर बालकाची स्वतःची नलिका बळकट व्हावी, ही यामागील योजना. प्राण्यांवरील प्रयोग त्याआधी झालेले होते.

त्याच सुमारास स्वीडनमध्ये याच्या नेमके उलट घडत होते. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात पाओलो माकियारिनी या शल्यविशारदाने २०११ पासून तीन रुग्णांना मूळपेशी लावलेल्या प्लॅस्टिकच्या श्वासनलिका बसविल्या. जगभर गाजावाजा झाला. प्राण्यांवर पुरेशी चाचणी मात्र झालेली नव्हती. तिन्ही रुग्ण दगावले, आणि २०२३ मध्ये स्वीडिश अपील न्यायालयाने माकियारिनी यांना अडीच वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली.

दोन्हीकडे प्लॅस्टिक होते, दोन्हीकडे रुग्ण मृत्यूच्या छायेत होते. एकीकडे मर्यादित दावा आणि पूर्वतयारी होती. दुसरीकडे कीर्तीची घाई. शरीराला फसवता येत नाही. सच्छिद्र सांगाड्यात पेशी रुजल्या, तरी त्यांच्यापर्यंत रक्तवाहिन्या पोहोचल्या नाहीत तर आतल्या पेशी मरतात. म्हणूनच हाड वा कूर्चा यांच्याबाबत आशा जवळची आहे. संपूर्ण यकृत वा मूत्रपिंड छापून मिळण्याचा दिवस मात्र दूर आहे.

आपल्या देशाने यातून काय घ्यावे? मूत्रपिंडाच्या काळ्या बाजारामुळे ज्या देशाला १९९४ मध्ये अवयव प्रत्यारोपणाचा कायदा करावा लागला, त्याला या विद्येची गरज इतरांहून अधिक आहे. आणि धीराचा धडा आपल्या घरातच आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने हृदयाच्या कृत्रिम झडपेची तीन प्रारूपे सदोष म्हणून बाजूला सारली. चौथे उतरले तेव्हाच, १९९० मध्ये, ते रुग्णाला बसविले. परदेशी झडपा न परवडणाऱ्या हजारो कुटुंबांना त्या धीराचा लाभ झाला.

शासनाने अशा प्रयोगशाळांना दीर्घ मुदतीचे अर्थबळ द्यावे आणि चाचण्यांच्या नियमांत तसूभरही सवलत देऊ नये. या दोन मागण्या परस्परविरोधी नाहीत. सुशिक्षित कुटुंबांनीही आप्ताच्या आजारपणात 'चमत्कारी' उपचाराची जाहिरात पाहून धाव घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : याची चाचणी कोणी, कोणावर आणि किती वर्षे केली? उत्तर मिळाले नाही, तर पाऊल मागे घ्यावे. परांची कच्ची असेल, तर आधी बळी जातो तो तिच्यावर विश्वासाने चढलेल्याचा.